धूर फुफ्फुसात जातो, मग सांधे का सुजतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे निदान झाले, अँटी-सीसीपी या रक्तचाचणीचा आकडा बराच वर होता, मेथोट्रेक्सेट हे आजार आटोक्यात ठेवणारे औषध नियमित चालू आहे, तरी मनगटांची आणि बोटांच्या सांध्यांची सूज पूर्ण उतरत नाही. पंधरा वर्षांपासून रोज साधारण दहा सिगारेट ओढल्या जातात. डॉक्टर प्रत्येक भेटीत सिगारेट सोडायला सांगतात. पण सांध्यांच्या आजाराचा धुराशी संबंध काय, निकोटीन उलट दाह कमी करते असे वाचले आहे ते खरे का, आणि आजार जडलाच आहे तर आता सोडून काय मिळणार?

संधिवाततज्ज्ञ म्हणून मी हे प्रश्न वारंवार ऐकतो आणि तिन्हींचे उत्तर सविस्तर द्यावे असे मला वाटते. केवळ ‘सिगारेट वाईट’ एवढे सांगून कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. मुख्य मुद्दा आधीच सांगतो. पेटलेल्या आगीत तेल ओतण्यापुरते सिगारेटचे काम मर्यादित नाही. बऱ्याच रुग्णांमध्ये हा आजार सांध्यांत दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी फुफ्फुसात सुरू झालेला असतो, आणि तो सुरू करण्यात धुराचा थेट हात असतो. पुढे तोच धूर रोगप्रतिकारक पेशींची वागणूक बदलत राहतो आणि औषधांचे काम अवघड करतो.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे सायनोव्हियमवर, हल्ला करते. निरोगी सांध्यात हे अस्तर जेमतेम एक ते तीन पेशींच्या थरांचे असते. आजारात ते कित्येक पटींनी जाड होते, त्यात टी पेशी, बी पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी गर्दी करतात आणि ते शेजारच्या कूर्चेला व हाडाला कुरतडू लागते. हा हल्ला सुरू होण्यासाठी प्रतिकारयंत्रणेने आपल्याच प्रथिनांना परके समजावे लागते. धुराचा पहिला संबंध येतो तो इथे.

फुफ्फुसातील वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. दुर्बिणीद्वारे फुफ्फुसाचा एखादा भाग सलाइनने धुऊन ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर धूम्रपान न करणाऱ्याच्या मॅक्रोफेज पेशी फिकट आणि स्वच्छ दिसतात. ओढणाऱ्याच्या पेशी संख्येने कितीतरी जास्त असतात आणि त्यांच्या पोटात डांबराचे तपकिरी-काळे कण ठासून भरलेले असतात. ज्याने हे दृश्य एकदा पाहिले, त्याला धूर प्रतिकारयंत्रणेपर्यंत कसा पोहोचतो हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धुरातील हजारो रसायने आणि मुक्त मूलके या पेशींना सतत डिवचतात, त्यांच्यातील दाहाचे संकेत चालू होतात आणि त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-८ अशी दाहकारक द्रव्ये सोडू लागतात.

याच पेशींमध्ये पीएडी नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते प्रथिनांमधील आर्जिनिन या अमिनो आम्लाचे रूपांतर सिट्रुलिनमध्ये करते. बदल रासायनिकदृष्ट्या किरकोळ आहे, पण आर्जिनिनवरचा धन विद्युतभार त्यात नाहीसा होतो, त्यामुळे प्रथिनाची घडी विस्कटते आणि त्याचे रूप प्रतिकारयंत्रणेला अनोळखी वाटू शकते. हे विकर शरीराला एरवीही लागते. त्वचेच्या वाढीत आणि अन्य ठिकाणी त्याचे नेहमीचे काम असते. परंतु धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातून काढलेल्या पेशींमध्ये पीएडी-२ हे विकर आणि सिट्रुलिनयुक्त प्रथिने, दोन्हींचे प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले आहे. तुमच्या रिपोर्टमधील अँटी-सीसीपी म्हणजे याच सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी).

धूम्रपान करणाऱ्या प्रत्येकाला मग हा आजार का होत नाही? कारण दुसरी अट जनुकांची आहे. टी पेशींसमोर प्रथिनांचे तुकडे ‘दाखवण्याचे’ काम एचएलए रेणू करतात. त्यातील एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत एक समान क्रम असतो, ज्याला ‘शेअर्ड एपिटोप’ म्हणतात. ही कल्पना १९८७ मध्ये मांडली गेली. या प्रकारच्या रेणूंमधील एक खोबण अशी असते की तिच्यात धनभारित आर्जिनिन नीट बसत नाही, पण भार गमावलेले सिट्रुलिन सहज बसते. त्यामुळे ज्यांच्याकडे हे जनुक आहे, त्यांच्या टी पेशींसमोर सिट्रुलिनयुक्त तुकडे जास्त प्रभावीपणे मांडले जातात. स्वीडनमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की, धूम्रपान न करणाऱ्या आणि हे जनुक नसलेल्या व्यक्तींशी तुलना केली असता, धूम्रपान करणाऱ्या आणि या जनुकाच्या दोन प्रती असलेल्या व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे असलेल्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा धोका सुमारे २१ पट होता. प्रतिपिंडे नसलेल्या प्रकारात असा संबंध आढळला नाही.

२१ पट हा आकडा वाचून घाबरण्याआधी हे लक्षात घ्यावे की हा आजार एकूण लोकसंख्येत सुमारे अर्धा ते एक टक्का प्रौढांनाच होतो, आणि ही तुलना सर्वांत कमी धोक्याच्या गटाशी आहे. त्याच स्वीडिश रुग्णसमूहाच्या पुढील विश्लेषणात अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्के आजार धूम्रपानाच्या खात्यावर टाकता येतो असा अंदाज निघाला. याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्या बहुसंख्य रुग्णांत कारणे अन्य आहेत. ज्यांनी आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही असे कितीतरी रुग्ण मी तपासतो, आणि ज्यांनी ओढली त्यांनीही ‘मीच हा आजार ओढवून घेतला’ अशी अपराधी भावना बाळगू नये. जनुके कोणी निवडून घेत नाही.

किती ओढले याला महत्त्व आहेच. रोज वीस सिगारेटचे एक पाकीट असे वर्षभर, म्हणजे एक पॅक-वर्ष. तुमची रोजची दहा आणि पंधरा वर्षे मिळून साडेसात पॅक-वर्षे होतात. अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एक ते दहा पॅक-वर्षांच्या गटात ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेला आणि वीस पॅक-वर्षांपलीकडे जवळपास दुप्पट झालेला दिसला. म्हणजे ‘थोडीच ओढतो’ हा बचाव पूर्ण टिकत नाही.

आता फुफ्फुसातून सांध्यापर्यंतचा प्रवास पाहू. सततच्या चिथावणीमुळे श्वासनलिकांच्या भोवती लसिका पेशींचे छोटे पुंजके तयार होतात आणि त्यांत बी पेशी प्रतिपिंडे बनवायला शिकतात. ज्यांच्या घरात हा आजार आहे पण ज्यांना स्वतःला सांध्यांची कोणतीही सूज नाही, अशा काही व्यक्तींच्या थुंकीत ही प्रतिपिंडे सापडली आहेत, काही वेळा तर ती रक्तात नसतानाही. साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून हेही सिद्ध झाले आहे की रक्तातील प्रतिपिंडे पहिल्या सुजेच्या कित्येक वर्षे आधीपासून असू शकतात. शिवाय सिट्रुलिनयुक्त व्हायमेंटिन या प्रथिनाचे तेच तुकडे रुग्णांच्या फुफ्फुसात आणि सांध्याच्या अस्तरात, दोन्हीकडे मिळाले आहेत. फुफ्फुसात शिकलेली प्रतिकारयंत्रणा सांध्यात तेच लक्ष्य ओळखते, असे मानायला हा भक्कम आधार आहे. धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत एकाच वेळी अनेक प्रकारची प्रतिपिंडे, म्हणजे अँटी-सीसीपीसोबत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरही, आढळण्याचे प्रमाण जास्त असते.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची भूमिका अलीकडे अधिक स्पष्ट झाली आहे. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात या पेशींची संख्या मुळातच वाढलेली असते. तुमच्या सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी थोड्या जास्त दिसत असतील आणि जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइड हे कारण नसेल, तर सिगारेटचा विचार करावा लागतो. न्यूट्रोफिल जंतूंना अडकवण्यासाठी प्रसंगी स्वतःचे डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे पसरतात. हे जाळे उलगडण्यासाठी पीएडी-४ हे विकर पेशीकेंद्रातील हिस्टोन प्रथिनांचे सिट्रुलिनीकरण करते, म्हणजे प्रत्येक जाळ्यासोबत सिट्रुलिनयुक्त प्रथिनांचा ताजा साठा बाहेर पडतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांचे न्यूट्रोफिल अशी जाळी अधिक सहज टाकतात, त्या जाळ्यांतील प्रथिनांवर रुग्णांची प्रतिपिंडे जाऊन चिकटतात आणि सांध्यातील अस्तरपेशी त्यामुळे आणखी चेकाळतात. एकदा ही साखळी सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला पोसत राहते.

टी पेशींच्या बाबतीत धुराचा परिणाम आणखी एका वाटेने होतो आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जळत्या तंबाखूतून निघणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन रसायने पेशींमधील एएचआर या ग्राहीला (रिसेप्टरला) जागे करतात. ही ग्राही टीएच-१७ या टी पेशींमध्ये मोठ्या प्रमाणावर असते आणि ती जागी झाली की या पेशींची घडण वाढते व आयएल-१७ हे तीव्र दाहकारक द्रव्य अधिक तयार होते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०२१ मध्ये याच साखळीची पुढची कडी दाखवली: एएचआर जागी झालेल्या टीएच-१७ पेशी सूक्ष्म पिशव्यांमधून एमआयआर-१३२ हा छोटा आरएनए रेणू बाहेर सोडतात आणि तो हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींच्या निर्मितीला चालना देतो. सांध्याच्या कडेला हाडाची झीज एक्स-रेमध्ये दिसते, त्यामागच्या अनेक वाटांपैकी ही एक. एएचआर ग्राही अस्तरातील फायब्रोब्लास्ट पेशींतही असते. प्रयोगशाळेत या पेशींना सिगारेटच्या धुराचा अर्क दिला असता त्या आयएल-६ आणि आयएल-८ जास्त बनवतात.

निकोटीनबद्दल तुम्ही वाचले ते पूर्ण चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. मॅक्रोफेज पेशींवर निकोटीनला प्रतिसाद देणारी अल्फा-७ ग्राही असते आणि व्हेगस मज्जातंतूच्या मार्गाने ती चालू झाली की टीएनएफची निर्मिती कमी होते. हे प्राण्यांवरील प्रयोगांत चांगले दाखवले गेले आहे. दुसऱ्या बाजूला, निकोटीन न्यूट्रोफिलांना वर सांगितलेली जाळी टाकायला लावते असेही प्रयोग आहेत. मग माणसांत निव्वळ परिणाम काय होतो? स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवण्याची ओलसर तंबाखू मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्यातून निकोटीन भरपूर मिळते, धूर मात्र शरीरात जात नाही. त्या वापरकर्त्यांत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा धोका वाढलेला आढळला नाही, त्याच देशातील सिगारेट ओढणाऱ्यांत मात्र तो वाढलेला आढळला. यावरून दोष मुख्यतः धुराचा आणि श्वसनमार्गाला होणाऱ्या इजेचा आहे असे दिसते. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांमध्येही हाच आजार वाढलेला दिसतो, हे त्याला पूरक आहे. तोंडातील तंबाखूमुळे अन्य गंभीर आजार होतात, तेव्हा कृपया यातून ती सुरू करण्याची परवानगी काढू नये. एक व्यावहारिक अर्थ मात्र काढता येतो: सिगारेट सोडताना डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे पॅच किंवा गम वापरले, तर संधिवात भडकेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

तुमची सूज पूर्ण का उतरत नाही, याकडे आता येतो. स्वीडनमध्येच आजाराच्या सुरुवातीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर मेथोट्रेक्सेटला चांगला प्रतिसाद कधीही न ओढणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना, तर ओढणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना मिळाला. टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांबाबत हेच आकडे ४३ आणि २९ टक्के होते. ज्या टीएनएफला औषध दाबू पाहते, त्याचीच निर्मिती धूर वाढवत असेल, तर हा फरक समजण्यासारखा आहे. तुमचे औषध निकामी ठरले, असा निष्कर्ष यातून काढू नये. मात्रा योग्य आहे का, गोळी आठवड्यातून एकदाच ठरलेल्या दिवशी घेतली जाते का, फॉलिक आम्ल सोबत आहे का, हे आधी पाहावे लागते. तरीही दोन औषधे बदलून झाल्यावर तिसऱ्याचा विचार करताना, सिगारेट चालू आहे का, हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारतो. धूम्रपानामुळे हाडांची झीज एक्स-रेवर वेगाने वाढते का, याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून त्या मुद्द्यावर मी रुग्णांवर दबाव आणत नाही. औषधांच्या प्रतिसादाचा मुद्दा त्यापेक्षा भक्कम आहे.

आता सोडून काय मिळणार, याचे प्रामाणिक उत्तर असे की काही परिणाम लवकर ओसरतात आणि काही रेंगाळतात. फ्रान्समध्ये सुमारे एक हजार निरोगी व्यक्तींच्या रक्तावर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की धूम्रपानामुळे बदललेला जन्मजात प्रतिकाराचा, म्हणजे मॅक्रोफेज-न्यूट्रोफिलसारख्या पेशींचा, दाहकारक प्रतिसाद सोडल्यानंतर पूर्ववत होतो; टी आणि बी पेशींच्या अर्जित प्रतिकारातील बदल मात्र सोडल्यानंतरही कित्येक वर्षे टिकून राहतात, कारण त्या पेशींच्या डीएनएवरील रासायनिक खुणा हळूहळूच पुसल्या जातात. आजार नसलेल्यांमधील आकडेही याच्याशी जुळतात. परिचारिकांच्या दीर्घकालीन अमेरिकी अभ्यासात, नुकतीच सिगारेट सोडलेल्यांच्या तुलनेत तीस वर्षे किंवा अधिक काळ दूर राहिलेल्या स्त्रियांमध्ये प्रतिपिंडे असलेल्या आजाराचा धोका ३७ टक्क्यांनी कमी होता. घट होते, पण सावकाश होते. ज्यांना आजार आधीच आहे, त्यांच्यातही सोडलेल्यांची आजाराची तीव्रता चालू ठेवणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचे निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले आहे.

सांध्यांपलीकडचा लाभ याहून मोठा आणि अधिक निश्चित आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हा आजारच हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट करतो, आणि सिगारेट त्यात स्वतःची भर घालते. या आजारात फुफ्फुसाचे ऊतक घट्ट होण्याची गुंतागुंत, त्वचेखालील गाठी आणि रक्तवाहिन्यांचा दाह, हे तिन्ही धूम्रपान करणाऱ्यांत अधिक आढळतात. पायऱ्या चढताना नव्याने लागणारा दम किंवा महिनोन्महिने टिकणारा कोरडा खोकला ‘सिगारेटचा खोकला’ म्हणून सोडून देऊ नये. छातीचे सीटी स्कॅन आणि फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी लागू शकते. पुढे औषध बदलायची वेळ आली, तर जेएके, म्हणजे पेशींत दाहाचे संकेत पोहोचवणारी विकरे, रोखणाऱ्या गोळ्यांचा पर्याय तुमच्यासाठी आकसतो, कारण दीर्घकाळ धूम्रपान केलेल्यांत त्या अन्य योग्य पर्याय नसेल तरच द्याव्यात असा युरोपीय औषध नियामकांचा सल्ला आहे.

सोडणे सोपे नसते हे मी जाणतो. वेदनेपासून मन वळवायला सिगारेट लागते, व्यायाम करता येत नाही म्हणून तिचाच आधार वाटतो, असे रुग्ण मला सांगतात आणि ते खरेच असते. म्हणून वेदना काबूत नसताना नुसता उपदेश करून भागत नाही. आधी सूज आणि वेदना पुरेशी आटोक्यात आणावी, मग तारीख ठरवावी, असा क्रम मी बहुतेकांना सुचवतो. समुपदेशन आणि औषध एकत्र दिल्यास यशाची शक्यता वाढते. पॅच-गमशिवाय व्हॅरेनिक्लिन या सिगारेटची ओढ कमी करणाऱ्या औषधाचा पर्याय आहे. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि मेथोट्रेक्सेटही तसेच, म्हणून सुरू करण्याआधी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, ताजी तपासणी डॉक्टरांना दाखवावी. पहिल्या काही आठवड्यांत झोप बिघडते, चिडचिड होते आणि अंग दुखल्यासारखे वाटते. ही संधिवाताची उसळी आहे असे समजून पुन्हा सिगारेटकडे वळणारे रुग्ण मी पाहिले आहेत. सांधा खरोखर सुजला आहे का, हे अशा वेळी हाताने तपासून घ्यावे.

सोडल्यानंतर काही महिन्यांनी अँटी-सीसीपी चाचणी पुन्हा करून आकडा उतरला का ते पाहण्याचा मोह होतो. ती करू नका. ही प्रतिपिंडे बहुतेकांत वर्षानुवर्षे राहतात आणि आकडा तसाच दिसला की सोडणे वाया गेले असा चुकीचा समज होतो. त्याऐवजी तीन ते सहा महिन्यांनी सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांची मोजणी, सीआरपी ही दाह मोजणारी रक्तचाचणी आणि सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकतो याची नोंद, या तिन्ही गोष्टी पूर्वीच्या नोंदींशेजारी ठेवून डॉक्टरांसोबत पाहाव्यात.